जेसी जॅक्सन यांनी टेबलावर काय मागितले?

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. अमुक नेता कुणाबरोबर बसला, किती जागा सुटल्या, कुणाला विधान परिषद मिळणार, कुणाच्या पदरात महामंडळ पडणार. मग एक गट म्हणतो, नेत्याने समाज विकला. दुसरा गट म्हणतो, सत्तेत गेल्याशिवाय काही हाती लागत नाही. दोघेही रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर भांडतात. पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य केलेली असते. सौदा म्हणजे पदांचा सौदा.

आमचा आक्षेप नेमका या गृहीतकाला आहे. सौद्याला आमचा विरोध नाही. ज्या समाजाची मते स्वबळावर सत्ता आणण्याइतकी नाहीत, पण कुणाला तरी पाडण्याइतकी नक्की आहेत, त्या समाजाला वाटाघाटी कराव्याच लागतात. ‘आम्ही कुणाशी बोलणार नाही’ ही घोषणा सभेत टाळ्या मिळवते, मतमोजणीच्या दिवशी तिचे काही होत नाही. प्रश्न एवढाच की टेबलावर बसल्यावर मागायचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर १९८८ सालच्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सापडते. आपल्या चळवळीला काळ्या अमेरिकी जनतेचा लढा नवा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच तिकडून घेतले होते. पण पँथरची मूठ जितकी आपल्या पोस्टरांवर आली, तितकी त्या समाजाची वाटाघाटीची टेबले आपल्या अभ्यासवर्गांत आली नाहीत. जेसी जॅक्सन म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी, प्रभावी वक्ते, दोनदा राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले आणि हरले, एवढ्यावर आपली ओळख संपते. ते हरले हे खरे. हरताना त्यांनी काय मिळवले, हे पाहू.

तिथली पद्धत आधी थोडक्यात सांगतो. पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथे हायकमांड ठरवत नाही. प्रत्येक राज्यात पक्षाचे मतदार प्रायमरीत मतदान करतात किंवा कॉकसच्या सभांत कौल देतात. त्यावरून राज्याचे डेलिगेट ठरतात आणि हे डेलिगेट राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडतात. ऐकायला हे फार लोकशाहीचे वाटते. खरी गोम मधल्या पायरीवर आहे. मतांचे डेलिगेटमध्ये रूपांतर कोणत्या हिशेबाने करायचे? हा हिशेब पक्षाच्या नियमसमितीत ठरतो, आणि त्या समितीच्या बैठकीचे फोटो कुणी छापत नाही.

१९८४ साली जॅक्सन डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत पहिल्यांदा उतरले. त्यांना ३२ लाखांहून अधिक मते मिळाली, म्हणजे एकूण मतांच्या सुमारे १८ टक्के. अधिवेशनात मात्र त्यांच्या बाजूला सुमारे ४६५ डेलिगेट, म्हणजे १२ टक्क्यांच्याही थोडे खालीच. मधली मते गेली कुठे? चोरी वगैरे काही झाली नव्हती. सगळे नियमाने झाले होते. एखाद्या मतदारसंघात २० टक्क्यांच्या खाली राहिलात तर तुमच्या वाट्याला शून्य. काही राज्यांत मतदारसंघात पहिला आला त्यालाच सगळे डेलिगेट. आणि वर सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी, ज्यांना कुणाच्या मतांची गरज नाही आणि ज्यांनी हव्या त्याला पाठिंबा द्यावा. ही सुपरडेलिगेटची सोय पक्षाने त्या निवडणुकीच्या आधी, १९८२ मध्ये करून ठेवली होती.

आपल्याकडचा एखादा नेता असता तर ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हणून त्याने राज्यसभेची एक जागा मागितली असती. ती मिळालीही असती. जॅक्सन यांनी नियमांवर बोट ठेवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात त्यांच्या गटाने आणखी एक मुद्दा लावून धरला, तो दक्षिणेतल्या दुहेरी प्रायमरीचा. तिकडच्या अनेक राज्यांत पहिल्या फेरीत कुणाला ५० टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. पहिल्या फेरीत गोरी मते विभागली जातात आणि काळा उमेदवार पहिला येतो. दुसऱ्या फेरीत सगळी गोरी मते एक होतात आणि तो पडतो. ही गोष्ट आपल्याला कुणी वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

तो ठराव पडला. त्याच्या विरोधात व्यासपीठावर कोण उभे होते? अँड्र्यू यंग. तेही किंग यांचे सहकारी, अटलांटाचे महापौर, स्वतः काळे, आणि त्या वेळी वॉल्टर मोंडेल यांच्या बाजूचे. जॅक्सन यांच्या डेलिगेटनी त्यांची हुर्यो उडवली. प्रस्थापित पक्ष आपल्याच माणसाच्या तोंडून आपल्याला ‘नाही’ म्हणवतो, हा प्रकार फक्त महाराष्ट्रात होतो असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही नोंद. यंग यांना आम्ही दलाल म्हणणार नाही. त्यांचे त्यांचे राजकीय गणित होते. पण त्या दिवशी त्यांचा उपयोग कशासाठी झाला, ते स्पष्ट आहे.

ठराव पडला तरी जॅक्सन रिकाम्या हाताने परतले नाहीत. नियमांचा फेरविचार करायला ‘फेअरनेस कमिशन’ नेमले गेले आणि २० टक्क्यांची अट १५ टक्क्यांवर आली. सुपरडेलिगेट मात्र कमी होण्याऐवजी वाढले. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले. तरीही पाच टक्क्यांचा हा फरक पुढच्या वेळी कामाला आला.

१९८८ ला ते पुन्हा उतरले. या वेळी त्यांची ‘रेनबो कोअलिशन’ फक्त काळ्यांची राहिली नव्हती. कर्जात बुडालेले गोरे शेतकरी आणि संपावरचे कामगारही तिच्यात येत होते. त्या वर्षी दक्षिणेतल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी एक डाव टाकला होता. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांच्या प्रायमरी एकाच दिवशी, ८ मार्चला, ठेवायच्या, म्हणजे एखादा मवाळ गोरा दाक्षिणात्य उमेदवार पुढे येईल. निकाल लागला तेव्हा अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी आणि व्हर्जिनिया ही पाच राज्ये जॅक्सन यांनी जिंकली होती. त्याच महिन्याच्या शेवटी मिशिगनच्या कॉकसमध्ये त्यांनी मायकेल डुकाकिस यांना जवळपास दुपटीने मागे टाकले. मग पक्षातले मोठे लोक खडबडून जागे झाले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हरले आणि उमेदवारी डुकाकिस यांच्याकडे जाणार हे नक्की झाले. तरीही शेवटी जॅक्सन यांच्याकडे सुमारे ६९ लाख मते आणि १२०० हून अधिक डेलिगेट होते. म्हणजे २९ टक्के मते आणि जवळपास तेवढेच टक्के डेलिगेट. १९८४ चा हिशेब शेजारी ठेवून पाहा.

आता खरी वाटाघाट सुरू झाली. जॅक्सन यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ते साधुसंत नव्हते. महत्त्वाकांक्षी होते, प्रसिद्धीची हौस होती, आणि १९८४ मध्ये ज्यू समाजाबद्दल हिणकस शब्द वापरून त्यांनी स्वतःचे आणि आपल्या आघाडीचे मोठे नुकसान करून घेतले होते. डुकाकिस यांनी ४ जुलैला त्यांना सपत्नीक घरी जेवायला बोलावले. आठवडाभरातच, १२ जुलैला, टेक्ससचे सिनेटर लॉइड बेंटसन यांचे नाव जाहीर केले. जॅक्सन यांना ही बातमी डुकाकिस यांच्याकडून कळलीच नाही, विमानतळावर पत्रकारांकडून कळली. जेवण आणि फोटो आधी, निर्णय परस्पर नंतर. आपल्याकडे ‘चैत्यभूमीवर फुले आणि तिकीटवाटपात ठेंगा’ असतो, तसाच हा नमुना. त्या दिवसांत जॅक्सन संतापून जे बोलले त्याचा आशय असा होता: शेतात राबून मते वेचायची, गाठी बांधून वाड्यावर आणून टाकायच्या, आणि निर्णय मात्र वाड्यात बसलेल्यांनी घ्यायचे, हे आता चालणार नाही. प्रतिमा कापूस वेचणाऱ्या गुलामांची होती. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचून ज्यांच्या आयांची बोटे फाटली, त्यांना ती सहज कळेल.

अधिवेशन अटलांटात होते. जॅक्सन डेलिगेट घेऊन बाहेर पडतात की काय, अशी धास्ती होती. १८ जुलैच्या सकाळी जॅक्सन, डुकाकिस आणि बेंटसन नाश्त्याला एकत्र बसले आणि बाहेर येऊन त्यांनी एकजुटीची पत्रकार परिषद घेतली. वर्तमानपत्रांनी लिहिले की जॅक्सन नमले. त्यांना काय मिळाले याची यादी त्या वेळी किरकोळ वाटत होती. प्रचारासाठी विमान, मोहिमेत आणि पक्षसंघटनेत आपल्या माणसांना जागा, जाहीरनाम्यातल्या काही मुद्द्यांवर मांडणीचा हक्क. श्रीमंतांवर जास्त कर लावा आणि अण्वस्त्रांचा पहिला वापर करणार नाही असे जाहीर करा, हे त्यांचे दोन ठराव मतदानाला आले आणि पडले.

पण त्या आधीच्या आठवड्यांत एक वेगळे काम उरकले होते. जॅक्सन यांच्या वतीने हॅरॉल्ड इकिस नावाचा वकील डुकाकिस यांच्या माणसांबरोबर नियमांवर बसला होता. इकिस गोरे होते, पण पक्षाच्या नियमपुस्तकाचे कलम न् कलम त्यांना माहीत होते. त्या बैठकांतून दोन गोष्टी निघाल्या. पुढच्या निवडणुकीपासून सुपरडेलिगेटची संख्या सुमारे अडीचशेने कमी करायची. आणि सर्व राज्यांत डेलिगेट मतांच्या प्रमाणातच वाटायचे, ‘पहिल्याला सगळे’ हा प्रकार बंद. डुकाकिस यांच्या लोकांना हे स्वस्तात पडले असे वाटले असणार. उमेदवारी त्यांच्या खिशात होती, पुढच्या वेळच्या नियमांचे त्यांना काय? नोव्हेंबरात ते ४० राज्ये हरले. ज्या टेक्ससाठी बेंटसन घेतले, ते टेक्ससही गेले.

पहिली गोष्ट पक्षाने नंतर गुपचूप मागे घेतली. सुपरडेलिगेट परत आले. दुसरी टिकली.

आता वीस वर्षे पुढे जाऊ. २००८. बराक ओबामा विरुद्ध हिलरी क्लिंटन. ५ फेब्रुवारीला एकाच दिवशी वीसहून अधिक राज्यांत मतदान झाले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशी मोठी राज्ये हिलरी यांनी जिंकली. जुना नियम असता तर शर्यत त्या रात्रीच संपली असती. पण डेलिगेट प्रमाणात वाटले गेले आणि दोघे जवळपास बरोबरीत राहिले. दहा लाखांहून अधिक मतदान झालेल्या न्यू जर्सीत हिलरी यांना ११ डेलिगेटची आघाडी मिळाली. जिथल्या कॉकसना जेमतेम २१ हजार लोक आले त्या आयडाहोत ओबामांना १२ ची मिळाली. ओबामांच्या माणसांनी नियमपुस्तक वाचून लहान लहान राज्यांत माणसे पेरली होती. सगळ्या प्रायमरी संपल्यावर मतांत दोघे साधारण सारखेच होते. निवडून आलेल्या डेलिगेटमध्ये ओबामांकडे सव्वाशेच्या आसपास आघाडी होती आणि तीच निर्णायक ठरली. गंमत अशी की त्या वेळी हिलरी यांच्या बाजूने डेलिगेटचा हिशेब सांभाळत होते ते हेच हॅरॉल्ड इकिस.

१९८८ मध्ये अटलांटात तो सौदा झाला तेव्हा ओबामा २६ वर्षांचे होते आणि त्या वर्षी हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये दाखल होत होते. त्यांचे नाव त्या टेबलावर कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये गर्दीत उभे राहून रडणारे जॅक्सन सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिले. ओबामांनी सत्तेत जाऊन काळ्या जनतेचे किती भले केले, हा वेगळा आणि कडू वाद आहे, तो इथे नको. इथे मुद्दा एवढाच की जॅक्सन यांनी मागितलेल्या नियमाचे फळ त्यांना मिळाले नाही. वीस वर्षांनी दुसऱ्याला मिळाले.

आपल्या नेत्यांना नेमके हेच सहन होत नाही. नियमावर कुणाचे नाव कोरलेले नसते. महामंडळाच्या अध्यक्षपदाची पाटी दारावर लागते, २०१७ पर्यंत गाडीला दिवाही मिळायचा, वाढदिवसाचे बॅनर लागतात. नियम बदलून घेतला तर बॅनरवर काय लिहायचे?

कुणी म्हणेल, अमेरिकेचे दाखले कशाला, आपला बाप काय म्हणतो ते सांगा. जरूर सांगतो, कारण या बाबतीत बाबासाहेब जॅक्सन यांच्या कितीतरी आधीचे आहेत. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ती साक्ष वाचा. तिच्यात दयेची याचना नाही. मताधिकार कुणाला, मतदारसंघ कसा, प्रतिनिधित्व किती, याचा हिशेब आहे. १९३२ मध्ये येरवड्यात गांधींचे उपोषण मानेवर सुरीसारखे ठेवलेले असताना त्यांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावा लागला. त्या अवस्थेतही त्यांनी १४८ जागांबरोबर एक नियम लिहून घेतला: आधी फक्त अस्पृश्य मतदार चार जणांचे पॅनेल निवडतील आणि त्या चौघांतूनच अंतिम निवडणूक होईल. ही प्रायमरीच होती. ती दहा वर्षांपुरतीच मिळाली आणि अपुरी ठरली, हे त्यांनीच पुढे सांगितले. पण दाबाखालीही त्यांचे लक्ष कुठे होते ते पाहा.

आणखी एक उदाहरण आपल्या तरुणांना फारसे कुणी सांगत नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या बहुसदस्यीय मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. बाबासाहेबांनी याच पद्धतीचा आग्रह धरला होता, कारण विखुरलेल्या अल्पसंख्याकाला मते एका जागी साठवण्याचा तोच मार्ग होता. स्वतंत्र मजूर पक्षाच्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. १९५२ मध्ये उत्तर मुंबई हा लोकसभेचा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. बाबासाहेब नारायण काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी पडले. सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. दोन्ही मते एकालाच द्या अशा प्रचारामुळे हे घडले, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक याचिकेत गेले. ती फेटाळली गेली. जे मत १९३७ च्या नियमाने मोजले गेले असते, ते १९५२ च्या नियमाने रद्दी झाले.

१९९८ साली काँग्रेसबरोबरच्या युतीत रिपब्लिकन नेतृत्वाचे चार जण लोकसभेत गेले, तेही सर्वसाधारण जागांवरून: अकोला, अमरावती, चिमूर आणि उत्तर मध्य मुंबई. आपल्या राजकारणातले ते सर्वात मोठे यश म्हणून आजही सांगितले जाते, आणि यश ते होतेच. पण त्या युतीत एकही नियम मागितला गेला नाही. एकत्र राहण्याचा स्वतःचा नियमही केला गेला नाही. वर्षभरात लोकसभा बरखास्त झाली आणि ऐक्यही फुटले. चार खुर्च्या गेल्या आणि मागे काही उरले नाही.

प्रस्थापितांना मात्र नियमाची किंमत पक्की माहीत आहे. महापालिकांची प्रभाग पद्धत पाहा. २०१७ च्या निवडणुका मुंबई सोडून चार सदस्यांच्या प्रभागाने झाल्या. २०१९ च्या अखेरीस सरकार बदलले आणि एकसदस्यीय प्रभाग आला. २०२१ मध्ये त्याच सरकारने तीन सदस्यांचा केला. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पुन्हा चार. जी गोष्ट निकाल फिरवत नाही तिच्यासाठी कुणी इतका खटाटोप करत नाही. चार सदस्यांच्या प्रभागात आपली दहा-बारा हजारांची वस्ती चाळीस-पन्नास हजारांच्या प्रभागात विरघळते. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चारही जागांना तोच सगळा प्रभाग मत देणार. म्हणजे ज्याच्याकडे प्रभागभर बहुमत, त्याचेच पॅनेल निघणार. राखीव जागेवर आपलाच माणूस येतो, पण तो कुणाच्या पॅनेलचा आणि कुणाच्या मतांवर आलेला? बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने १९५५ मध्ये कायदेमंडळातल्या राखीव जागाच रद्द करा असा ठराव का केला, याचे उत्तर यात आहे.

या फेरबदलांच्या काळात आपल्या नावाचे पक्ष दोन्ही बाजूंना बसलेले होते. कुणी सत्तेत, कुणी सत्तेच्या बाहेरून हातात हात घालून. यांपैकी कुणीही ‘प्रभाग एकसदस्यीय ठेवणार असाल तरच युती’ अशी अट घातल्याचे आमच्या कानावर आले नाही. जागा मात्र मागितल्या. मिळाल्या त्याही पडणाऱ्या.

‘नियम मागून वस्तीत नळ येतो का?’ असे आम्हाला एका बैठकीत विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. आम्ही वस्तीतच काम करतो, नळाची किंमत आम्हाला कळते. पण नळासाठी ज्याच्याकडे जायचे तो नगरसेवक आपल्या मतांवर निवडून आला आहे की आपली मते नसतानाही येऊ शकतो, यावर तो दार उघडणार की नाही हे ठरते.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही आघाडीचा निरोप आला तर आपल्या कार्यकर्त्यांनी नेत्याला आधी एवढे विचारावे. बोलणी लेखी आहेत का, आणि तो कागद समाजापुढे ठेवणार का? उमेदवार कोण, हे वस्तीतले लोक ठरवणार की बंगल्यावरून यादी येणार? येरवड्याच्या पॅनेलसारखी स्वतःची प्रायमरी घ्यायला आपल्याला कुठल्या सरकारची परवानगी लागत नाही. आणि प्रभागाबद्दल, मतदारसंघाच्या सीमांबद्दल, समोरच्या पक्षाने काय कबूल केले? याचे उत्तर ‘ते नंतर बघू’ असे आले, तर किती जागा सुटल्या हा आकडा ऐकून खुश होऊ नये.

प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की हरकती आणि सूचनांसाठी ठराविक मुदत असते. नकाशा महापालिकेत लागतो, संकेतस्थळावरही येतो. आपली वस्ती कुठून कापली, नाल्याच्या पलीकडचा अर्धा भाग कुठल्या प्रभागात ढकलला, हे त्यावर दिसते. मुदत संपायच्या आत प्रत्येक वस्तीतून किमान एक लेखी हरकत गेली पाहिजे आणि सुनावणीला माणूस हजर राहिला पाहिजे. ज्यांना नकाशा वाचायला मदत हवी त्यांनी तो घेऊन रविवारी विहारात यावे. आम्ही बसतो आहोत.

जयभीम.